धम्मशीलाचा रिपोर्ट

पिंगळी, जि. परभणी
शनिवार, १४ जून २०२५

धम्मशीला, जयभीम.

शाळेच्या पत्त्यावर बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. तू माझा फोन घेत नाहीस. भूषणच्या फोनवरून बोलावं तर तुझ्याकडे स्पीकर चालू असतो आणि शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. चाकणची तुझी शाळा सोमवारी उघडते, असं भूषण म्हणाला. म्हणजे आठवड्याभरात मिळेल.

सुगतला बघायला मी आलो नाही म्हणून तुझा राग आहे. नाव ठेवायच्या दिवशी आलो नाही. चौदा एप्रिलला तुम्ही पोराला घेऊन इकडे आलात, तर मी मुद्दाम येलदरीला आत्याकडे जाऊन बसलो. "तुमाला नातू नको असंल तर फोन पण करू नका," असं तू म्हणालीस, तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. नातू मला हवा आहे. का आलो नाही ते आज लिहीत नाही.

भूषणचं दुकान जोरात आहे. बारावीच्या निकालापासून ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या पोरांची रांग हटत नाही. तुझा भाऊ दिवसभर खुर्चीवर, आणि न वाकणारा पाय समोरच्या स्टुलावर. पण चौदा महिन्यांत त्याच्या अंगात कुठे एकदाही रक्त उतरलं नाही. नवीन इंजेक्शनची करामत. पूर्वी शीर सापडायची नाही, नर्स चार ठिकाणी टोचायची आणि तू दवाखान्याच्या पायरीवर कानात बोटं घालून बसायचीस. आता पंधरा दिवसांतून एकदा, कातडीखाली, पोटात नाहीतर मांडीत, स्वतःच्या हाताने घेतो. कुपी फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवायची, हलवायची नाही. तेवढ्या वेळात तुझी आई ओट्यापाशी मांजरालाही फिरकू देत नाही.

फ्रिजला मी वेगळा इन्व्हर्टर बसवलाय. बोर्डातून रिटायर झालेल्या वायरमनला दुसरा उद्योग काय! अख्ख्या गावाची लाइन गेली तरी आपला फ्रिज चालू. लोक म्हणतात, पंडितच्या घरी बायकोपेक्षा फ्रिजचा लाड जास्त. तुझी आईपण तेच म्हणते.

आता कामाचं. तुमच्याकडून परत आली त्या दिवशी तुझी आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "लेकराच्या अंगावर काळेनिळे डाग हायेत. कडेवर घेतलं की बोटाचे ठसे उमटायलेत." मी पुढे काही विचारलं नाही. भूषण रांगायला लागला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर असेच डाग यायचे. आम्ही म्हणायचो, मच्छर चावले.

सुगतचं रक्त तपासून घे. साधी तपासणी नको. रक्त गोठवणारा फॅक्टर आठ किती आहे ते बघायला सांग. मामाला हिमोफिलिया आहे हे डॉक्टरांना सांग. तुझ्या रिपोर्टचं मात्र काही बोलू नकोस. जुन्या तपासण्यांवर फार भरवसा ठेवू नये, असं माझं मत आहे.

तुझा बाबा


पिंगळी
मंगळवार, २४ जून २०२५

धम्मशीला, जयभीम.

तुझा निरोप भूषणच्या फोनवर आला. त्याने वाचून दाखवला: "सुगतला दवाखान्यात नेलं होतं. मामाचा आजार सांगितला. माझी तपासणी झालेली आहे आणि रिपोर्ट क्लिअर आहे, हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग मुलात येईल कुठून? ताकदीचं औषध दिलंय." पुढचं वाक्य भूषणने गाळलं. तो अंघोळीला गेल्यावर मी फोन उघडून वाचलं. "बाबांना एवढी काळजी असती तर एकदा येऊन गेले असते."

बरोबर आहे तुझं.

पण त्या रिपोर्टबद्दल मला लिहायला हवं. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. २०१७ साल. दवाखान्यातल्या राजेश्री मॅडम म्हणाल्या होत्या, हा आजार दिसतो बहुतेक मुलांमध्ये, पण येतो आईकडून. भूषणला आहे तर बहिणीचीही तपासणी करून घ्या. तुझं रक्त दिलं. ते बाहेरगावी जाणार होतं आणि कागद महिन्याने येणार होता. तो कागद मी आणायला गेलोच नाही. ड्युटीच्या गडबडीत राहून गेलं. क्लिअरच आला असेल असं धरून चाललो आणि तुला क्लिअर म्हणून सांगितलं. म्हणजे तुझी तपासणी झालेली नाही असंच समज. डॉक्टरांनाही तसंच सांग आणि सुगतचं रक्त आधी तपासून घे.

छत्तीस वर्षं खांबावर चढलो. साहेबाने खालून ओरडून सांगितलं की लाइन बंद आहे, तरी टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावला नाही. त्यामुळे दोन्ही हात शाबूत घेऊन रिटायर झालो. घरात मात्र अंदाजाने चाललो.

नागसेनरावांकडची माणसं तुला बघायला आली तो दिवस सारखा डोळ्यांसमोर येतो. त्यांच्या वडिलांनी विचारलं, "घरात कुणाला काय आजार-बिजार?" मी म्हणालो, "आपल्यात पत्रिका बघत न्हाईत, माणसं बघत्यात. बघा की बसून." सगळे हसले. भूषणचा पाय मोटारसायकलवरून पडून गेला असं मी सांगितलं. तू मला आत बोलावून म्हणालीस, "बाबा, खरं सांगून टाका. माझा रिपोर्ट तर क्लिअर हाय." मी म्हणालो, "क्लिअर हाय तर सांगून उपेग काय?" तुला ते पटलं नव्हतं. लग्नानंतर तू स्वतःच नागसेनरावांना सगळं सांगितलंस. ते भले माणूस, तुझ्या रिपोर्टच्या भरवशावर त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

हे पत्र मिळालं की वेळ घालवू नकोस.

तुझा बाबा


पिंगळी
गुरुवार, ३ जुलै २०२५

धम्मशीला,

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर, रजिस्टर करून पाठवतोय. वर नागसेनरावांचंही नाव घातलंय. आता कुणापासून लपवायचं काही राहिलं नाही.

परवा दुपारी तू भूषणला फोन केलास तेव्हा मी दुकानात त्याच्या मागच्या बाकावर बसलो होतो. तुझा आवाज मला सगळा ऐकू येत होता. सुगत मोरीच्या कट्ट्यावर आपटला, वरच्या ओठाच्या आतली कातडी फाटली, दोन दिवस झाले तरी रक्त थांबेना, उशी रोज भिजायलीय. तू म्हणालीस, "भूषण, डॉक्टर माझ्या रिपोर्टचा कागद मागायलेत. बाबाकडून घे आन् फोटो पाठव. लवकर." तू चार दिवस रजेवर होतीस, म्हणजे माझं मागचं पत्र शाळेतच पडून असणार. त्यात मी लिहिलंय की कागद आणलाच नाही. ते खोटं आहे.

मी उठून घरी गेलो. खांबावर चढताना घालायचे माझे रबरी हातमोजे ज्या पिशवीत आहेत, तिच्या तळाशी कागद होता. तिथे तुझी आई कधी हात घालत नाही. आणून भूषणपुढे ठेवला. त्याने उघडला.

"बाबा, ह्याच्यावर तर कॅरियर लिहिलंय."

"हं."

"म्हंजी ताईतून लेकराला येऊ शकतं असं लिहिलंय. तुमी वाचला व्हता?"

"वाचला व्हता."

"कवा?"

"आणला त्याच दिवशी."

त्याने आधी कागदाचे दोन फोटो काढले, तुला पाठवले, पोचले का ते बघितलं. मग रांगेतल्या पोरांना उद्या या म्हणाला आणि भर दुपारी शटर ओढून घेतलं. बंद शटरच्या आत आम्ही दोघं बसलो होतो. पाय स्टुलावर ठेवत म्हणाला, "आठ वर्षं, बाबा. माझा गुडघा बघत बघत आठ वर्षं." तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. तुझी आई बोलते, पण जेवायला या आणि दार लावा, एवढंच.

फॅक्टर दिल्यावर दोन तासांत रक्त थांबलं, हे काल तुझ्या आईने सांगितलं.

आता खरं काय ते ऐक. कागद मी स्वतः आणला. राजेश्री मॅडमनी समोर बसवून समजावलं होतं. मुलीला स्वतःला फारसा त्रास होणार नाही, पण मुलगा झाला तर त्याला हा आजार असण्याची शक्यता निम्मी. आधी माहीत असलं की बाळाची पहिल्या दिवसापासून काळजी घेता येते. "तिला घेऊन या, मी तिच्याशी बोलते," म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि कधी नेलं नाही. त्यांनी दोनदा निरोप पाठवला, मी ड्युटीचं कारण सांगितलं. तुझं लग्न मोडेल ही भीती होती, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तेव्हा तुझ्या लग्नाचा विषयही निघालेला नव्हता. मग मी कशाला भ्यालो, ते मलाच नीट सांगता येत नाही.

सुगतला बघायला आलो नाही ते यामुळे. अंगावर डाग दिसले असते तर मला ते ओळखू आले असते.

मूळ कागद सोबत जोडलाय. मागच्या बाजूला कागद घेणाऱ्याची सही आणि तारीख आहे. सही माझी आहे. नागसेनरावांना दाखव, त्यांच्या आईवडिलांनाही दाखव. तुला माहीत नव्हतं हे त्यावरून त्यांना कळेल. तुझ्याकडून एवढी एकच चूक झाली की तू बापाचा शब्द खरा धरलास.

मला रडू येत नाही. परवापासून काहीच होत नाही. पोळलं तरी चटकन कळत नाही, काल चहाने जीभ पोळली ती आज दुपारी कळली. हे दया यावी म्हणून लिहीत नाही.

आता जे रक्त वाहिलं ते फॅक्टरने थांबलं. पुढचं होऊच नये म्हणून भूषणचं ते इंजेक्शन. सुगत अजून धरून उभा राहतो. चालायला लागायच्या आत सुरू करा.

पंडित


पिंगळी
सोमवार, २१ जुलै २०२५

धम्मशीला,

सुगतचा फॅक्टर एक टक्क्याच्या आत आला हे कळलं. भूषणचाही तेवढाच आहे.

तुझ्या सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला आठवड्याला सुई कशाला, जरा मोठा होऊ द्या, पडला-झडला तर दवाखाना आहेच. आणि तू त्यांना ठाम काही सांगितलेलं नाहीस, असं तुझी आई म्हणाली. माझं ऐकावं असं काही मी ठेवलेलं नाही. पण एक गोष्ट तू स्वतः बघितली आहेस, तिचीच आठवण करून देतो.

भूषण नऊ वर्षांचा होता. शाळेच्या ओट्यावरून उडी मारली. पडला नाही, नुसती उडी मारली. संध्याकाळपर्यंत गुडघा टरबुजासारखा झाला. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता, सगळं आत. मी म्हणालो, सकाळपर्यंत थांबून बघू. बर्फ लावला. तू पंखा घेऊन बसली होतीस. त्या गुडघ्यात मग पुन्हा पुन्हा रक्त उतरत राहिलं आणि पंधराव्या वर्षी तो वाकायचा थांबला. ओठातलं रक्त तुम्हाला दिसलं म्हणून तुम्ही धावलात. सांध्यातलं दिसत नाही. पडल्यावर दवाखाना गाठणं म्हणजे उशीर झाल्यावर पोचणं. इंजेक्शन त्याआधीचं आहे.

हेच सांगायला भूषण उद्या तुमच्याकडे निघालाय. एकटा. जन्मात पहिल्यांदा तो एकटा गाडीत बसणार आहे, तेही त्या इंजेक्शनच्या जोरावर. सासूबाईंना गुडघा दाखवतो म्हणाला. हे तो तुझ्या आईला म्हणाला, मी ऐकलं. सामानाची पिशवी मात्र स्टेशनपर्यंत मी धरावी, असं त्याने तिच्याकडून कळवलंय. धरतो.

पंडित


पिंगळी
रविवार, १० ऑगस्ट २०२५

धम्मशीला, जयभीम.

तुमच्याकडून येऊन आठवडा झाला. आज सुगतचा तिसरा डोस झाला असेल. काय झालं ते तुझ्या आईकडून कळेलच, म्हणून त्याबद्दल विचारत नाही. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. तिथे तू मला एक प्रश्न विचारलास आणि मला उत्तर देता आलं नाही.

"बाबांना यायचं असंल तर येऊ द्या, पण मी बोलणार न्हाई," असा निरोप तू भूषणकडे दिला होतास. मी आलो. तुझ्या सासूसासऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "तुमाला फसवलं ते मी. लेकीला ठावं नव्हतं." सासरे कागद हातात घेऊन बराच वेळ माझी सही बघत बसले. मग म्हणाले, "बसा. चहा घ्या." एवढीही अपेक्षा मी धरली नव्हती.

पहिला डोस दवाखान्यात झाला होता. दुसरा तू स्वतः देणार होतीस, भूषण शेजारी बसून सांगणार होता. तू कुपी फ्रिजमधून काढलीस आणि ओट्यावर ठेवलीस. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. नागसेनराव पोराला खुळखुळा दाखवत होते. सासूबाई आतल्या खोलीत दार लोटून बसल्या होत्या, त्यांना बघवणार नव्हतं. तेव्हा तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "रिपोर्ट आणला त्या दिवशी तुमी पेढे आणले व्हते. मी गल्लीभर वाटले. पेढे कशाला आणले बाबा?"

भूषण म्हणाला, "ताई, झाली पंधरा मिनिटं." तू औषध सिरिंजमध्ये ओढलंस, सुई बदललीस. मला म्हणालीस, "पाय धरा." त्याचे दोन्ही पाय मी धरले. पहिल्यांदाच हात लावत होतो मी त्याला. तू मांडीची कातडी चिमटीत धरलीस, सुई घातलीस, हळूहळू दाबलंस. तो जेमतेम रडला. मग तू म्हणालीस, "सोडा आता." सुई कधीच निघाली होती.

पेढ्यांचं उत्तर लिहितो.

त्या दिवशी मी सकाळच्या गाडीने परभणीला गेलो. कागद अकरानंतर मिळणार होता आणि दुपारची गाडी चुकली असती तर ड्युटी बुडली असती. म्हणून पेढे आधीच घेतले. तुझा कागद क्लिअरच येणार याची मला इतकी खात्री होती. तू धडधाकट, कधी साधा तापही नाही. एका घरात एकाला झालं, आता दुसऱ्याला कशाला होईल, असा माझा हिशोब होता. अर्धा किलो पेढ्यांचा डबा मांडीवर ठेवूनच मी राजेश्री मॅडमच्या समोर बसलो होतो. त्यांनी डब्याकडे एकदा बघितलं आणि मग सांगायला सुरुवात केली.

गाडीत मी ठरवलं होतं, घरी गेलो की तुला आणि आईला समोर बसवून सांगायचं. कुठल्या शब्दांत सांगायचं तेही जुळवत होतो. डबा हातात आहे याचं भान मला नव्हतं. यावर विश्वास ठेव असं मी म्हणू शकत नाही, पण तसंच होतं.

तू दारात उभी होतीस. माझ्या तोंडाकडे तू बघितलंच नाहीस. डब्याकडे बघितलंस आणि आत वळून ओरडलीस, "आई, क्लिअर आला!" आई चुलीवरून तशीच उठून आली. भूषण लंगडत बाहेर आला, तुझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "सुटलीस ताई." तिघंही हसत होतात. आपल्या घरात तिघं एका वेळी हसलेली मी त्याआधी कधी बघितली होती, आठवत नाही.

इतकी वर्षं, आणि आधीच्या पत्रांतसुद्धा, मी क्लिअर सांगितलं असं म्हणत आलो. सांगितलं नव्हतं. मी तोंडातून एक शब्दही काढला नव्हता. तसं नाही, एवढं म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि कागद माझ्या खिशात होता.

तू डब्याची दोरी सोडलीस. आधी बाबाला, म्हणालीस, आणि पहिला पेढा माझ्या तोंडात घातलास. मी तो खाल्ला.

तुझा बाबा